छळणाऱ्याचं फळ कुठून आणायचं?

तुम्ही तुमच्या कथेबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तहसील कचेरीतल्या एका अव्वल कारकुनाची विधवा, वय ७४, तालुक्याच्या गावी मुलगा-सुनेकडे राहते. तिची पेन्शन मुलगा काढून घेतो. तिला झोपायला मागची पडवी, जेवायला शिळंपाकं आणि उठता-बसता सुनेचं टोचून बोलणं. शेवटी मुलाला ट्रक उडवतो, पाय जातो आणि तो आईच्या पायांवर डोकं ठेवून रडतो. साधारण ३००० शब्दांची ही कथा दिवाळी अंकाकडून ‘शेवट पटत नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आली. केल्याचं फळ मिळायलाच हवं, वाचकालाही ते हवं असतं, मग अडलं कुठे?

अडलं आहे ते पहिल्या पानावर. मुलगा आईला छळतो हे कथा सात वेळा दाखवते, पण त्याला आईकडून नेमकं काय लागतं हे एकदाच आणि तेही ओझरतं सांगते. त्यामुळे शेवटी हिशेब चुकता करायला कथेच्या आत काहीच उरत नाही आणि बाहेरून ट्रक बोलवावा लागतो. मुलगा घरी कसा वागतो हे ट्रकला ठाऊक नसतं. आईला तळहातावर जपणाऱ्या शेजारच्या मुलालाही तो तसाच उडवू शकला असता. शेवट तपासायचा तो याच प्रश्नानं: छळ केला नसता तरी हे घडलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो छळाचा परिणाम नव्हे, छळानंतर घडलेली एक घटना आहे. अर्धांगवायू, कॅन्सर, वीज पडणं, साप चावणं, धंद्यात अचानक खोट, एकुलत्या एका मुलाचा मृत्यू हे सगळे याच जातीचे. शेवटचा तर फारच वाईट, कारण त्यात लेखक छळणाऱ्याला शिक्षा करायला एका निरपराध पोराचा बळी देतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

माणूस दुबळ्याला छळतो तेव्हा बहुतेक वेळा कशासाठी तरी त्याच दुबळ्यावर अवलंबून असतो. कष्टांसाठी, सहीसाठी, जमिनीसाठी, घरातल्या गोष्टी बाहेर न फुटण्यासाठी, किंवा आपण मोठे आहोत हे रोज कुणाकडून तरी वदवून घेण्यासाठी. हे अवलंबणं एकदा सापडलं की परिणाम शोधत फिरावं लागत नाही. छळ करता करता तो माणूस नेमकी तीच दोरी झिजवत असतो. ती तुटते तो क्षण म्हणजे तुमचा शेवट.

जुन्या कथाकारांना हे पक्कं माहीत होतं. पंचतंत्रातला बगळा दुसऱ्या तळ्यात पोचवतो असं सांगून मासे नेतो आणि खातो. मग खेकड्यालाही तसाच उचलतो. खेकडा वाटेत हाडं पाहतो आणि बगळ्याची मान आवळतो. आकाशातून कुणी बाण मारत नाही. फसवायची जी रीत, उचलून न्यायचं, तीच रीत गळ्याशी येते. खेकड्याला उचललंच नसतं, तर बगळा वाचला असता.

चेकॉव्हची १८८८ची वार्काची कथा याच तत्त्वावर उभी आहे, फक्त तिथे कुणाचंच भलं होत नाही. वार्का तेरा वर्षांची. चांभाराच्या घरी दिवसभर शेगडी पेटव, बूट पूस, बटाटे सोल, दुकानातून हे आण ते आण आणि रात्रभर पाळणा हलव. डुलकी लागली की मार. मालक-मालकिणीला तिच्याकडून एकच गोष्ट हवी असते, तिनं जागं राहावं. आणि झोप तर ते तिला घेऊच देत नाहीत. शेवटी झोपेच्या गुंगीत तिला वाटतं, आपला शत्रू हे बाळ आहे. ती ते गळा दाबून मारते आणि शांत झोपते. मालकाचं नुकसान त्यानं जे सक्तीनं काढून घेतलं त्यातूनच आलं. पण फटका बसला तो भलत्याला, ज्याचा काहीच दोष नव्हता त्याला. वर पोराच्या बळीबद्दल जे म्हटलं ते इथे लागू होत नाही, कारण इथे तो मृत्यू लेखकानं शिक्षा म्हणून दिलेला नाही. तो वार्काच्या हातून, वार्काच्या स्थितीतून घडतो आणि वाचकाला समाधान मिळूच देत नाही.

आता तुमच्या कथेकडे येऊ. पेन्शन हे अवलंबणं चांगलं आहे, पण ते तुम्ही नुसतं ‘पैसे’ म्हणून वापरलंत. ते कसं चालतं ते बघा. नवरा वारल्यावर बायकोला मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन, साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. ते तिच्या खात्यात जमा होतं. एटीएम कार्ड आणि पिन मुलाकडे असेल, तर अकरा महिने त्याला आईची गरजच नाही. बाराव्या महिन्यात आहे. दर नोव्हेंबरला निवृत्तिवेतन घेणाऱ्यानं हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेत जायचं, यादीत आपलं नाव शोधायचं, समोर सही करायची. दाखला गेला नाही, तर पेन्शन थांबते. म्हणजे जिला घरात कुणी जिवंत माणसात धरत नाही, तिनं वर्षातून एकदा सरकारला सांगायचं की मी जिवंत आहे, आणि त्या एका सहीवर सगळं घर चालतं. तुमच्या हातात ही गोष्ट होती आणि तुम्ही ट्रक आणलात!

त्यात मुलाचा छळ गुंफायचा तो असा. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं निघालं की मुलगा म्हणतो, ‘आता या वयात काय वाचायचंय तुला?’ सरकारी रुग्णालयात ते ऑपरेशन फुकट होतं. म्हणजे प्रश्न पैशांचा नाही, नेण्या-आणण्याचा आणि दोन दिवस जवळ बसण्याचा आहे. हे वाचकाला कळू द्या, पण कथेत कुणी ते बोलून दाखवायचं नाही. दोन वर्षं जातात. तिसऱ्या नोव्हेंबरात आईची सही यादीतल्या चौकटीबाहेर जाते आणि नमुन्याच्या सहीशी जुळत नाही. अंगठा चालतो, पण त्याला साक्षीदार लागतात, त्यांत एक बँकेतलाच जबाबदार माणूस. तो म्हणतो, ‘आजींना माझ्यासमोर बसवा, मला त्यांच्याशी बोलायचंय.’ आणि आईनं परक्या माणसाशी एकटीनं बोलणं हीच गोष्ट मुलाला नको असते. खेकडा मानेवर बसला तो इथे. हात न उगारता, शाप न देता.

एक अडचण आधीच सांगतो, कारण जाणता वाचक ती पकडेल. १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं. त्यानंतर बोटांच्या ठशावर, आणि अलीकडे मोबाइलसमोर चेहरा धरून, घरबसल्या दाखला निघतो. आजच्या काळातली कथा असेल, तर मुलानं तो मार्ग का घेतला नाही याचं कारण द्यावं लागेल आणि त्यात दीडशे शब्द जातील. त्यापेक्षा कथा २०१०-११ मध्ये ठेवा. कॅलेंडर, मोबाइलचं मॉडेल, गॅसची किंमत यांपैकी एका तपशिलानं काळ सांगून टाकला की झालं.

छळाचे प्रसंग किती हवेत? सात नकोत, तीन. ३००० शब्दांच्या कथेत तिन्ही मिळून हजारेक शब्द पुरतात. तुमच्या खर्ड्यात २६०० शब्द छळ आहे आणि ४०० शब्द शिक्षा. या प्रमाणामुळे दोन गोष्टी होतात. चौथ्या प्रसंगापासून वाचक बधिर होतो, आणि शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. अवलंबणं पहिल्या ४०० शब्दांत येऊन गेलं पाहिजे, तेही सहज, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना. परिणामाची सुरुवात १८००व्या शब्दाच्या आसपास. उरलेले हजार-बाराशे शब्द परिणाम उलगडायला. खरी कथा तिथेच घडते.

आणि ते तीन प्रसंग चढत्या आवाजाचे नसावेत. आधी बोलणं, मग ढकलणं, मग मारणं ही शिडी सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगात वेगळी गोष्ट काढून घ्या. पहिल्यात वस्तू (कार्ड), दुसऱ्यात शरीराचा हक्क (डोळे), तिसऱ्यात चारचौघांतली जागा. पाहुण्यांसमोर मुलगा अगदी प्रेमळ आवाजात म्हणतो, ‘आईचं आता तसं काही लक्षात राहत नाही.’ आई तिथेच बसलेली असते आणि तिला सगळं लक्षात असतं. या तिसऱ्या प्रसंगात एकही वाईट शब्द नाही, पण तो तिन्हींत सर्वांत क्रूर आहे. पुढे बँकेतला अधिकारी तिच्याशी बोलायला बसतो तेव्हा हेच वाक्य मुलगा तिथेही वापरून बघतो. पेरलेलं उगवलं.

छळ कसा लिहायचा याचा एक नमुना जवळून पाहू. तुमच्या खर्ड्यात आहे:

‘सून अत्यंत निर्दयी होती. ती सासूला रोज शिळं अन्न वाढत असे. बिचारी म्हातारी डोळ्यांत पाणी आणून ते गिळत असे.’

तीन वाक्यांत तीन निकाल लागले: निर्दयी, शिळं, बिचारी. वाचकाला करायला काही काम उरलं नाही. हेच असं लिहून बघा:

‘सुनेनं ताट उंबऱ्याच्या अलीकडेच ठेवलं. “पोळी मऊ आहे बरं का आज, दूध नाही आणलं.” म्हातारीनं पोळीचा तुकडा मोडायला घेतला. तो मोडेना. तिनं दोन्ही हात लावले. “आहे हो मऊ,” ती म्हणाली आणि सून आत जाईपर्यंत तुकडा हातातच धरून बसली.’

इथे शिळं हा शब्द नाही, रडणं नाही. दोघीही खोटं बोलतात आणि दोघींना ते माहीत आहे. सासूला का मान डोलवावी लागते, याचं उत्तर वाचक स्वतः काढतो. ताट ‘उंबऱ्याच्या अलीकडेच’ ठेवणं एवढ्यानं सून पडवीत पाय टाकत नाही हे कळतं. विशेषणं काढून टाकल्यावर प्रसंग मऊ पडेल अशी भीती वाटते. होतं उलटंच.

संबोधनं हे मराठीत फार हाताशी असलेलं साधन आहे. मुलगा पहिल्या पानावर ‘आई’ म्हणतो, मधे बायकोशी बोलताना ‘ती’ म्हणतो, मित्रांत ‘आमची म्हातारी’, आणि बँकेत अधिकाऱ्यासमोर एकदम ‘आमच्या मातोश्री’. वेगळं काही लिहायची गरज नाही. सुनेलाही पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘अहो आई’ असंच म्हणू द्या. आदराच्या रूपात अनादर बसवता आला की संवादाला धार येते. ‘जेवून घ्या’ हे वाक्य किती तऱ्हांनी बोलता येतं हे मराठी घरात वाढलेल्याला सांगायला नको.

आता छळणाऱ्याबद्दल. त्याला त्याचं म्हणणं हवं. मुलगा पतसंस्थेत नोकरीला आहे, तीन महिने पगार झालेला नाही, मुलीच्या डिप्लोमाची फी भरायची आहे. धाकटा भाऊ पुण्यात फ्लॅट घेऊन बसलाय आणि दिवाळीला साडी पाठवून मोकळा होतो. हे सगळं खरं असू द्या. छळ करणारा स्वतःला कधीच छळणारा म्हणत नाही. तो म्हणतो, सगळं माझ्यावरच आलंय. एक खरी तक्रार आणि एखादी खरी माया, एवढं पुरे. आईला खोकला झाला की रात्री उठून पाणी गरम करून देणारा मुलगाच डोळ्याचं ऑपरेशन टाळू शकतो. इथे धोका असा की त्याची बाजू मांडता मांडता निवेदक त्याच्या बाजूला झुकतो. त्यावर उपाय म्हणजे कारणं त्याच्या तोंडी किंवा त्याच्या मनात राहू द्यायची, निवेदनाच्या सपाट वाक्यांत उतरू द्यायची नाहीत.

दुबळ्या पात्राबद्दलची चूक याहून मोठी आणि जास्त वेळा होणारी. आई संत करून ठेवली आहे. ती कधी चिडत नाही, कधी खोटं बोलत नाही, मुलाला मनोमन आशीर्वाद देते. अशा पात्राची कीव येते, पण ती कीव कथा संपताच संपते. तिला खोडी हव्यात. ती गुळाचा खडा पदराच्या टोकाला बांधून ठेवते. धाकट्याचं कौतुक थोरल्याला मुद्दाम ऐकवते. आणि सगळ्यांत कामाची गोष्ट: सून नवीन आली तेव्हा हीच तिच्याशी कशी वागली होती? पंचवीस वर्षांपूर्वी तुपाचा डबा कुलपात होता आणि किल्ली हिच्या कमरेला होती, एवढं एक वाक्य घाला. मग सुनेचं वागणंही कशाचं तरी फळ होतं आणि कथेत एकाऐवजी दोन हिशेब चालू होतात. यानं आईवरचा अन्याय कमी होत नाही. वाचकाला बाजू घ्यायला मात्र कष्ट पडतात, आणि कष्ट घेऊन घेतलेली बाजू टिकते. हे वाक्य कुठे ठेवायचं ते महत्त्वाचं. सुरुवातीला ठेवलंत, तर छळाला सबब मिळते. शेवटी ठेवलंत, तर चलाखी वाटते. दुसऱ्या प्रसंगानंतर, सुनेच्या तोंडून नव्हे, सासूच्याच आठवणीत.

साक्षीदार म्हणून तुम्ही नातू घेतला आहे. म्हाताऱ्याला लाकडी वाडग्यात जेवायला देतात आणि लहान मुलगा आपल्या आई-बापासाठी तसंच लाकडी भांडं बनवायला घेतो, ही गोष्ट ग्रिम बंधूंच्या संग्रहात आहे आणि आपल्याकडे करवंटी घालून सांगितली जाते. ती उत्तम आहे, पण पूर्ण वापरून झाली आहे. नातवानं शहाणपणाचं वाक्य बोललं की वाचकाला करवंटी दिसणारच. नातू ठेवायचाच असेल, तर त्याला काही कळत नाही असाच ठेवा. त्याला फक्त आजीकडून पास झाल्याचे दहा रुपये हवेत, आणि आजीकडे दहा रुपये का नाहीत हे त्याला समजत नाही. बस्स.

पश्चात्तापाकडे येऊ, कारण तुमच्या कथेत तो आहे आणि तो सगळ्यात अवघड. प्रेमचंदांची ‘बूढ़ी काकी’ आठवा. पुतण्यानं काकीची सगळी मिळकत नावावर करून घेतली आहे आणि घरात मुलाच्या टिळ्याचा समारंभ असताना तिला पंगतीत कुणी बोलवत नाही. रात्री पुतण्याची बायको रूपा पाहते, की काकी उष्ट्या पत्रावळींवरचे पुऱ्यांचे तुकडे उचलून खाते आहे. हे दृश्य रूपाला हलवतं आणि वाचकाला पटतं. पटतं याचं कारण तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि ज्या मिळकतीवर तो समारंभ चालला आहे ती कुणाची, हे तिला माहीत असतं. दुसरं, काकी क्षमेचं भाषण करत नाही. ती पुऱ्या खाते. तुमच्या खर्ड्यात आई म्हणते, ‘बाळा, आईचं काळीज असतं रे.’ ते वाक्य काढा. क्षमा करायचीच असेल, तर ती कृतीत, आणि शक्यतो अर्धवट असावी. पश्चात्तापाला किंमतही लागते. रडणं फुकट असतं. कार्ड परत करणं फुकट नसतं.

काही कथांत छळणाऱ्याला काहीच होत नाही आणि ते बरोबर असतं. मोपासाँच्या १८८०च्या ‘बूल द स्वीफ’मध्ये बग्गीतले सगळे प्रतिष्ठित प्रवासी भुकेले असताना एका वेश्येच्या टोपलीतलं खातात, पुढे स्वतःची सुटका व्हावी म्हणून तिला प्रशियन अधिकाऱ्याकडे जायला भाग पाडतात, आणि नंतर स्वतः शिदोरी सोडून खाताना तिला घासही देत नाहीत. शिक्षा शून्य. तरी कथा पूर्ण वाटते, कारण दोन जेवणं समोरासमोर ठेवली आहेत. ‘परिणाम नाही’ असा शेवट करायचा असेल, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रसंगात अशी एक समान गोष्ट हवीच. नाहीतर वाचकाला वाटतं, लेखकाला पुढे सुचलं नाही.

भूत, शाप, देवाचा कोप हेही चालतं, एका अटीवर. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मध्ये (१८४२) ज्या बड्या अधिकाऱ्यानं गरीब कारकुनाला ओरडून हाकललं, त्याचाच कोट कारकुनाचं भूत हिसकावतं. भूत आहे, पण ते नेमकं कोटावर येतं, पायावर नाही. आणि त्यानंतर तो अधिकारी हाताखालच्या माणसांवर पूर्वीपेक्षा कमी ओरडतो, एवढाच बदल. संत होत नाही. अलौकिक आणा, पण मापात आणा.

कायद्याचा परिणाम दाखवायचा असेल, तर तो अचूक हवा. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा निर्वाह व कल्याण कायदा आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात जातो. मूळ केंद्रीय कायद्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे, निकालाला ९० दिवसांची मुदत आणि अपवादाने आणखी ३०. वृद्धाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सांभाळण्याच्या अटीवर करून दिलेलं बक्षीसपत्र अट मोडल्यास रद्द होऊ शकतं, आणि कथेच्या दृष्टीनं ही तरतूद सोन्यासारखी आहे, कारण तिथे अवलंबणं थेट कागदावर येतं. मात्र काळ्या कोटातला वकील न्यायाधिकरणापुढे आवेशात बोलतोय असं या कायद्याखाली लिहू नका, वकिलाला तिथे उभं राहण्याची मुभा मूळ कायद्यानं दिलेली नाही. आणि घटना १ जुलै २०२४नंतरची असेल, तर पोलिसांच्या तोंडी विवाहितेच्या सासरच्या छळाचं ‘४९८ अ’ कलम नको. तेव्हापासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि त्या गुन्ह्याचं कलम ८५. जुन्या सवयीनं एखादा हवालदार जुना आकडा बोलेलही, पण ते लेखकाला माहीत असून लिहिलेलं वाटलं पाहिजे.

हीच रीत इतर छळांना लावताना अवलंबणं बदलतं. ऊसतोडीच्या कथेत मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देऊन बांधून घेतो, आजारपणातही खाडा लावून पैसे कापतो. पण त्यानंही वरून उचल घेतलेली असते आणि टोळी पुरवायची हमी त्याच्या गळ्यात असते. रातोरात टोळी पळाली की ज्या भाषेत तो मजुरांशी बोलत होता, त्याच भाषेत त्याच्याशी बोलणारा माणूस दारात उभा राहतो. शहरी फ्लॅटमधल्या कामवालीच्या कथेत परिणाम याहून बारीक. एका घरानं बाईवर खोटा चोरीचा आळ घेतला, तर पोलीस-बिलीस काही होत नाही, फक्त त्या इमारतीत त्या मजल्यावर काम धरायला कुणी येत नाही. मालकीण प्रत्येकीला पाचशे जास्त देऊ करते. प्रत्येकजण ‘बघते’ म्हणते. असा परिणाम लिहायला सोपा दिसतो, पण त्यात संयम लागतो. शेवटपर्यंत कुणी कारण सांगायचं नाही.

जातीच्या छळाची कथा मात्र या हिशेबात पूर्ण बसत नाही. तिथे मारणारा एकटा नसतो आणि त्याला काही व्हावं अशी व्यवस्थाही भोवती नसते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्ये (संग्रह १९६३) मार खाल्लेला नायक ते हात त्या माणसांचे धरत नाही, मनूचे धरतो. परिणाम व्यक्तीकडून उचलून मुळाशी नेला आहे. इथे सोयीचा शेवट, म्हणजे एखाद्या भल्या सवर्णानं येऊन वाचवणं किंवा पाटलाला एकाएकी उपरती होणं, कथेचा घात करतो. शिव्याही मोजून. वातावरणनिर्मितीसाठी जातिवाचक शिवी पाच वेळा लिहिणारा लेखक नकळत मारणाऱ्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

परत पेन्शनकडे. बँकेत सही जुळली नाही, अधिकारी बोलायला बसला, मग पुढे काय? दोन वाटा आहेत. पहिली, आई अधिकाऱ्याला सगळं सांगते आणि कार्ड परत मिळवते. वाचक टाळ्या वाजवेल आणि विसरेल. दुसरी मला जास्त आवडते. आई काहीच सांगत नाही, अंगठा देते, पेन्शन वाचते. पण मुलाला आता पुढच्या वर्षाची धास्ती बसते. दोन वर्षं टाळलेलं ऑपरेशन पंधरा दिवसांत होतं. मुलगा स्वतः नेतो, स्वतः थेंब घालतो, सून दूध आणते आणि ही सगळी सेवा कशासाठी चालली आहे हे त्या घरात प्रत्येकाला माहीत असतं. छळणाऱ्याला आपल्याच गरजेपोटी चांगलं वागावं लागणं ही शिक्षा पाय जाण्याहून जड आहे. आणि पट्टी सुटल्यावर आईला स्पष्ट दिसतं. ती पहिली मागते ती पोथी नव्हे, पासबुक. मुलगा म्हणतो, ‘त्यात काय बघायचंय?’ ती म्हणते, ‘दिसतंय का ते.’

तिथे थांबा. पासबुकातल्या नोंदी वाचून दाखवू नका, तिच्या मनात काय आलं ते लिहू नका. अपघात, दवाखाना आणि रडारड यांत गेलेले ४०० शब्द सुटतात, ते ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळला द्या. सून सासूचे केस धुवून देते, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि दोघींना काय बोलावं ते सुचत नाही. या प्रसंगाला तुपाच्या डब्याची आठवण आधी येऊन गेलेली असावी लागेल, ती आली आहे का ते तपासा. शीर्षक ‘नियतीचा न्याय’ आहे ते बदला. ‘हयातीचा दाखला’ ठेवलंत, तर चालेल, मात्र मग तो शब्द कथेत बँकेच्या प्रसंगाआधी एकदाच येऊ द्या.